बारसं राहिलेलं बाळ

उदय, सोमवारी सावंतकाकांचा फोन आला. तुमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना तू आपलं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक म्हणायचास, तेच. आधी इकडचं तिकडचं बोलले, पाण्याच्या टाकीचं सांगितलं, मग घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण आमच्या उदयच्या फ्लॅटचं कॉम्प्युटरवर काय करायचं? म्हणजे माणूस गेल्यावर कुठलं बटण दाबायचं? मला कुठे दिसतच नाही."

दिसणार कसं? ते बटण अजून झालेलंच नाही. झालं नाही कारण त्याच्या मागच्या कामाला नाव नाही, आणि नाव नाही कारण तू आणि मी इतकी वर्षं त्या एका नावावरून भांडत राहिलो. अंधेरीच्या ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर बसून आपण सोसायट्यांसाठी हे सॉफ्टवेअर लिहिलं. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, बिल कुणाच्या नावाने जातं, मीटिंगला कुणाला बोलवायचं, सगळं त्यात आहे. मेंबर वारला तर काय, एवढं एकच नाही. आजवर कुणाचा असा फोन आला की तू आत शिरून हाताने काहीतरी जुळवून द्यायचास. या वेळी जुळवायचं ते तुझंच आहे. मी काकांना म्हणाले, थोडे दिवस द्या. फोन ठेवला आणि सवयीने तुझ्या टेबलाकडे वळले, म्हणजे भांडायला.

हॉस्पिटलचं मी काही लिहिणार नाही. ते तुझ्या बायकोला, स्मिताला माहीत आहे, बाकी कुणाला माहीत असायची गरज नाही. मला त्यापेक्षा हे नाव जास्त छळतंय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, हिला धक्का बसलाय. बसलाच आहे. पण त्या धक्क्यातसुद्धा मला खरोखर जाणून घ्यायचंय, की मेंबर जातो तेव्हा आपल्या प्रोग्राममध्ये नक्की होतं काय? तू असतास तर खुर्ची ओढून म्हणाला असतास, "हां, आता बोललीस कामाचं."

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा अर्धा दिवस नावं ठेवण्यात जातो, हे मी माझ्या सासूबाईंना एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याला पगार कशाला लागतो? आम्ही तर फुकट ठेवतो." तुला हे सांगितलं तेव्हा तू चहा सांडलास. मग त्यांना नीट कसं समजवायचं तेही तूच सांगितलंस. आमच्याकडे आधी साचा करतात, मोदकाचा असतो तसा, आणि त्यातून हवे तितके मोदक काढतात. साच्याला नाव द्यायचं, त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मोदकाला द्यायचं, आणि तो मोदक जी जी कामं करतो त्यांनाही द्यायचं. साच्याचं नाव नाम असावं आणि मोठ्या अक्षराने सुरू व्हावं. कामाचं नाव क्रियापद असावं आणि छोट्या अक्षराने सुरू व्हावं. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असतं, त्याचं नाव प्रश्नासारखं वाचता यावं. हे संकेत नाही पाळले तर कुणी तुरुंगात टाकत नाही. प्रोग्राम तसाही चालतो, कारण कॉम्प्युटरला नावाशी काही देणंघेणं नसतं. नाव असतं ते नंतर वाचायला येणाऱ्या माणसासाठी. सासूबाई म्हणाल्या, "मग बरोबर आहे. आधीच्याने डब्यावर नाव नाही लिहिलं तर नंतरच्याने चहात मीठ घालायचं की काय?"

मी या ऑफिसात आले तेव्हा बिनानावाचे डबेच लिहायचे. पहिल्या आठवड्यात तू माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलंस.

"हा टेम्प कोण?"

"तात्पुरता आहे. नंतर काढणार."

"माझे बाबा गिरणीत तात्पुरते लागले होते," तू म्हणालास. "दोन वर्षांत गावाला परत जाणार होते. शेवटपर्यंत इथेच राहिले. मुंबईत तात्पुरतं काही नसतं गं. नाव दे त्याला. आणि हा टेम्प टू कोण?"

"त्याचा धाकटा भाऊ."

तू हसला नाहीस. नंतर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगून पोट धरून हसलास, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तेव्हा ठरवलं होतं की या माणसाशी कामापुरतंच बोलायचं.

पण तुझ्याशी कामापुरतं बोलायचं म्हणजेच तासन् तास बोलायचं, हे मला कुठे माहीत होतं? कुणी साच्याला 'बिल मॅनेजर' नाव दिलं की तू त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचास. "हा मॅनेजर करतो काय? केबिनमध्ये बसतो?" डेटा, इन्फो, हेल्पर या नावांना तू लग्नातले लांबचे नातेवाईक म्हणायचास, आहेत सगळीकडे, काम कुणाकडेच नाही. तुझी परीक्षा साधी होती. नाव मोठ्याने म्हणायचं. ऐकणाऱ्याने "म्हणजे?" विचारलं की नाव नापास. कितीदा मी एखादं नाव मोठ्या अभिमानाने म्हटलं आणि तू नुसत्या भुवया वर केल्यास.

आणि नाव सुचलंच नाही तर? इथे तुझा नियम जगात कुठल्या पुस्तकात नसेल. खोटं नाव द्यायचं नाही. टेम्प नाही, एक्स नाही. ज्याला अजून नाव सापडलेलं नाही त्याचं नाव फक्त 'बाळ'. बारसं होईपर्यंत मुलाला घरात बाळच म्हणतात ना, तसं. कुणीही प्रोग्राम उघडला की त्याला लगेच दिसावं, की याचं बारसं व्हायचंय. आपल्या टीममध्ये गुजराती होते, तमिळ होते, एक लखनौची मुलगी होती, आणि सगळे विचारायचे, "बाळ का नाम फायनल हुआ क्या?" परदेशातून एकदा कुणी तपासायला आला होता, त्याने गंभीरपणे विचारलं की हे बाळ कुठल्या तंत्राचं नाव आहे. तू तितक्याच गंभीरपणे सांगितलंस की हे कोकणातलं जुनं तंत्र आहे.

नाव ठरलं की शुक्रवारी चहाच्या वेळी बारसं. मी आत्या. सुरुवातीला टीममध्ये मी एकटीच बाई होते म्हणून, आणि नंतर बायका भरपूर झाल्या तरी पद माझ्याकडेच राहिलं. मी खुर्चीत बसायचे, बाळ पुसून त्या जागी नवं नाव टाइप करायचे, स्क्रीनच्या कडेला तोंड नेऊन कुर्रर्र करायचे आणि नाव सांगायचे. त्याबरोबर सगळ्यांनी माझ्या पाठीत धपाटे घालायचे, बारशाला आत्याला घालतात तसेच. बाकीचे घाबरत घाबरत मारायचे. तुझा एकच बसायचा आणि तो असा बसायचा की चष्मा नाकावरून खाली यायचा. "एवढं चांगलं नाव ठेवलंय, जरा लक्षात राहू दे," म्हणायचास. आणि मग "झकास" असं म्हणून बटाटेवडे उघडायचास. तुझ्या तोंडून कौतुकाचा तेवढा एकच शब्द निघायचा.

अशी किती बाळं आपण मोठी केली. राहिलं ते एकच.

त्याची सुरुवात तुमच्याच बिल्डिंगमध्ये झाली, आठवतंय? सॉफ्टवेअर नवीन होतं आणि सावंतकाका पहिले गिऱ्हाईक. आपण दोघं दुपारी मेंबरांची माहिती घ्यायला गेलो. लिफ्टशेजारी तो लाकडी बोर्ड आहे ना, काळा, पांढऱ्या अक्षरांचा, फ्लॅट नंबर आणि पुढे नाव. मी एकेक नाव वाचत होते आणि काका सांगत होते. हे? हे गेले. हे? तेही गेले, मुलगा असतो. हे? हे तर मी इथे यायच्या आधीच गेले. मी म्हटलं, "काका, मग बोर्ड बदलत का नाही?"

"अक्षरं मिळत नाहीत हो आता तसली," काका म्हणाले.

"आणि बिल?"

"बिलपण त्यांच्याच नावाने जातं. लाइटचंपण. कुणी तक्रार करत नाही."

मला वाटलं हा निव्वळ आळस आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरने तो झटक्यात दूर होईल. तू मात्र बोर्डासमोर हाताची घडी घालून उभा होतास. मग जिन्याने वर निघालास आणि मी तुझ्यामागे. मजल्या-मजल्यावर दारावरच्या पाट्या वाचत आपण थेट गच्चीपर्यंत गेलो. पितळेच्या, लाकडाच्या, संगमरवराच्या, एक तर मुलांनी क्रेयॉनने रंगवलेली. कितीतरी पाट्यांवर गेलेल्या आजोबांचं नाव वर होतं आणि त्याखाली जिवंत माणसांची. एका दारावर नुसतंच गेलेल्याचं होतं. तिथल्या बाईंनी आपल्याला चोर समजून साखळी लावूनच दार उघडलं. तू विचारलंस, "काकी, हे नाव कुणाचं?" त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं. काय काम आहे?" गेले असं त्या म्हणाल्या नाहीत. आपण विचारलंही नाही.

खाली येताना तू म्हणालास, "हे चुकून राहिलेलं नाही गं. हे ठेवलेलं आहे." मी म्हणाले, चुकून राहिलेलं आणि ठेवलेलं यांतला फरक प्रोग्रामला कसा कळणार? तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणायचे, रिमूव्ह मेंबर. मेंबर गेला, काढा, विषय संपला. तू म्हणायचास, "काढतेस कुठून? बोर्डावरनं निघाला? बिलावरनं निघाला? दारावरनं निघाला? मग काढलं काय तू?"

मी म्हणायचे, बरं, डिअ‍ॅक्टिव्हेट. "माणूस आहे की सिमकार्ड?"

ट्रान्सफर. "बँकेत आहे का तो?"

मग तुझं उत्तर ठरलेलं होतं, ऑन मेंबर डेथ, मेंबरच्या मृत्यूनंतर. जे झालं ते सरळ सांगा, लाजायचं काय त्यात? पण तिथे मी तुला पकडायचे. हे कामाचं नाव नाही, ही घटना झाली; कामाचं नाव क्रियापद हवं हे तूच शिकवलंस. "मग दे ना क्रियापद," तू म्हणायचास, आणि मी अडायचे. मला एक मिनिट आणखी मिळालं असतं तर मी जिंकले असते, असं मला दर वेळी वाटायचं. ते बाळ तसंच राहिलं. नवे लोक आले, गेले, प्रत्येकाने एकदा तरी विचारलं, हे का राहिलं? आपण दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचो.

एका गोष्टीला एकच शब्द हवा, हा आणखी एक संकेत. एकीकडे मेंबर आणि दुसरीकडे सभासद असं चालणार नाही, वाचणारा गोंधळतो. त्या न्यायाने आपण एकदा जेवताना मराठीतले शब्द काढत बसलो होतो. गेला, वारला, निवर्तला, देवाज्ञा झाली, आटोपलं, कैलासवासी, वैकुंठवासी. तू म्हणालास, "एका गोष्टीला इतकी नावं? रिव्ह्यूत नापास." गेला म्हणजे कुठे गेला? निवर्तला म्हणजे मागे फिरला, पण कुठून? आणि वारला म्हणजे मुळात काय, हे दोघांनाही सांगता येईना. डब्यातली भाकरी संपली तरी आपण त्यावरच होतो. शेवटी तू म्हणालास, "इतके शब्द आहेत याचा अर्थ यातलं एकही नाव पास झालेलं नाही गं. लोक अजून शोधतायत." या दोन-तीन आठवड्यांत मी तुझ्या बाबतीत हे सगळे शब्द ऐकले. ऑफिसच्या मेलमध्ये 'आपल्यात राहिला नाही' असं होतं, सावंतकाका 'गेल्यावर' म्हणाले. प्रत्येक वेळी माझ्या तोंडात "म्हणजे?" येतं.

तुझं एक देणं मी कधी बोलून दाखवलं नाही, ते इथे सांगते. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचं ठरलं होतं. सासरच्यांनी नावही काढून ठेवलं होतं, रेवतीची शर्वरी होणार होती. मला ते नको होतं, पण नको का, हे नीट सांगता येत नव्हतं. तुला ऑफिसात चिडून सांगितलं तेव्हा तू सहानुभूती वगैरे काही दाखवली नाहीस. स्क्रीनवरून नजरही काढली नाहीस. म्हणालास, "आतलं नाव कधीही बदल, कुणाला पत्ता लागत नाही. पण ज्या नावाने बाहेरचे हाक मारतात ते बदललं की सगळ्यांची वाट लागते. किती जण वापरतात तुझं नाव? मोज आणि सांग त्यांना." मी बोरिवलीला जाऊन होणाऱ्या सासूबाईंना शब्दशः तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझंही खूप जण वापरायचे." ताटातल्या तांदळांवर रेवतीच लिहिलं गेलं. तू लग्नाला आलास, आहेर दिलास, जेवलास, आणि मला एवढं साधं थँक यू म्हणता आलं नाही, कारण तू लगेच जिलबीचा विषय काढलास.

इतकी वर्षं नावांवर भांडलो आणि तुझं घरचं नाव मला तू गेल्याच्या दिवशी कळलं. तुझी आई दारात बसून "बाबल्या, माज्या बाबल्या" म्हणून हाका मारत होती आणि मला क्षणभर वाटलं, हा बाबल्या कोण? मग कळलं. मी तिथेच जिन्यात बसून रडले. रडताना चीडही आली होती. हे तू मला सांगायला हवं होतंस रे. मी ते ऑफिसभर केलं असतं म्हणून नाही सांगितलंस, माहितेय मला.

तर काल संध्याकाळी मी तुझ्या घरी गेले. काकांना उत्तर द्यायच्या आधी स्मिताला विचारायला हवं होतं. बेल वाजवायला हात उचलला आणि पहिल्यांदा तुमच्या दारावरची पाटी वाचली. तुमच्या दारासमोर मी कितीदा उभी राहिले असेन, पण बेल दुसऱ्या बाजूला आहे, पाटीकडे कधी बघितलंच नव्हतं. वर पितळेची, जुनी, तुझ्या बाबांच्या नावाची. तिच्याखाली छोटी, स्टीलची, तुझी. दोन्हींचे स्क्रूसुद्धा वेगवेगळे. गच्चीपर्यंत सगळ्यांच्या पाट्या वाचल्यास आणि स्वतःच्या दारावरून मला पुढे नेलंस.

स्मिताने चहा टाकला. बिलाचा विषय मी काढायच्या आधी तिनेच काढला. "ते पाकीट आलं ना त्याच्या नावाचं, की मी उलटं करून ठेवते," ती म्हणाली. "वाचवत नाही. आणि त्याचं नाव काढा असं काकांना सांगायला गेले, तर जिन्यातूनच परत आले. तेही सांगवेना. तूच सांग ना रेवती, लोक काय करतात? तुमच्यात काहीतरी पद्धत असेल ना?"

मी काय सांगणार? आमची पद्धत म्हणजे बाळ. मी म्हटलं, "आमचं ठरलंच नाही कधी. तो आणि मी भांडत होतो."

"कशावरून?"

मी सांगितलं. काढायचं म्हणावं की बदलायचं, की अजून काही. ती ऐकता ऐकता हसली आणि मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "म्हणून घरी येऊन मला विचारायचा, माणसाला डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणशील का गं? मी म्हणायचे, जेव आधी."

तुझी आई आत मेथी निवडत बसली होती. मला वाटलं तिचं लक्ष नाही. ती तिथूनच म्हणाली, "काढूचा कित्याक? ह्येंचा नाव तसाच रवला, खाली बाबल्याचा इला. आता त्येच्या खाली स्मिताचा घाला."

"अहो आई, पाटीचं नाही, सोसायटीच्या बिलाचं चाललंय," स्मिता म्हणाली.

"बिलार पण तसाच घाला मगे. जागा नाय काय कागदार?"

स्मिताने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "माझं नाव घातलं तर पाकीट मला उघडता येईल." मग पुन्हा म्हणाली, "दोन्ही असतील तर येईल." मी मान हलवली. चहा उतू गेला होता, तो पुसायला आम्ही दोघी उठलो.

येताना जिन्यात मला क्रियापद सापडलं. उदय, आपण दोघंही गेलेल्या माणसाकडेच बघत होतो रे. मी म्हणत होते त्याला काढा, तू म्हणत होतास त्याला काय झालं ते लिहा. पण त्या वेळी प्रोग्रामला त्याचं काहीच करायचं नसतं. त्याच्या नावाला हातही लावायचा नसतो. करायचं असतं ते एवढंच, की त्याच्याखाली एक नाव जोडायचं. मागे राहिलेल्या माणसाचं. मग बिल दोघांच्या नावाने जाईल, आणि वरचं नाव कधी काढायचं ते घरच्यांनी ठरवावं, किंवा कधीच ठरवू नये. सावंतकाकांचा तो अख्खा बोर्ड, ती साखळी लावून दार उघडणारी काकी, सगळे त्यात बसतात. ॲड नेम बिलो. खाली नाव जोड. क्रियापद आहे, छोट्या अक्षराने सुरू होतं, आणि जे करतं तेच म्हणतं.

तुझा आक्षेप मला आताच ऐकू येतोय. "मग मृत्यू कुठे लिहिणार? लपवलास ना?" नाही रे, लपवला नाही. तारखेची जागा वेगळी आहे, तिथे तो लिहिला जाईल. या कामाला कारण विचारायची गरज नाही. उद्या कुणी जिवंतपणीच बायकोचं नाव जोडायला आला तरी हेच बटण चालेल. यावर तू भुवया वर करशील की करणार नाहीस, एवढं मात्र मला कळत नाही. खरंच कळत नाही, आणि ते मला आता कधीच कळणार नाही, याची मला अजून सवय झालेली नाही. उद्या एखादं नवं बाळ आलं तर मी कुणाशी भांडू, तेही तू सांगून गेला नाहीस.

आज शुक्रवार होता. चहाच्या वेळी मी टीमला बोलावलं. तुझ्या खुर्चीत कुणी बसलं नाही, ती कुणीतरी जरा बाजूला सरकवून ठेवली होती. मी आपला तो जुना भाग उघडला. बाळ तिथेच होतं, तू लिहिलंस तसं. ते पुसायला माझं बोट उचलेना, म्हणून मी आधी नाव मोठ्याने म्हटलं. म्हटलं आणि थांबले. कुणीच "म्हणजे?" विचारलं नाही. मागून कुणीतरी नुसतं "हां" म्हणालं. पास झालं रे. पहिल्या फटक्यात.

मग मी बाळ पुसलं, नाव टाइप केलं, स्क्रीनच्या कडेला तोंड नेऊन कुर्रर्र केलं. आणि सवयीने चष्मा काढून हातात धरला, पाठ वाकवली.

त्यांनी मारलं, नाही असं नाही. एकेकाने येऊन पाठीवर हात ठेवला, अगदी हळू, मयताला आल्यावर ठेवतात तसा. मी तरी वाकूनच बसले होते. शेवटी सगळे आपापल्या जागी गेले. वडे कुणी आणले नव्हते.

सावंतकाकांना कळवलंय, सोमवारी बटण दिसेल. तुझ्या नावाखाली स्मिताचं पहिलं लागेल. नाव ठेवलं रे, बाबल्या. तुझा एक धपाटा राहिलाय. जोरात मार.